बिनतोड मुद्दे

माझा दादा नावाजलेला वकील. आई गेल्यावर बाबांनी त्यांचं घर सोडून आपल्याकडेच राहावं, असं त्याने ठरवून टाकलं. दवाखाना जवळ, लिफ्ट आहे, घरात माणसं आहेत. एकेक मुद्दा बिनतोड. बाबा एवढंच म्हणाले, "मला इथे बरं वाटतं रे."

"हे काय कारण झालं, बाबा?" दादा हसला.

शेवटी बाबा दादाकडे राहायला गेले. हळूहळू त्यांचं बोलणं आटलं. पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसायचे, पाणीसुद्धा विचारून घ्यायचे.

एकदा वहिनी दादाला म्हणाली, "वाद तुम्ही जिंकलात, पण बाबांचं काय झालंय ते बघा जरा."

दादाच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. ते त्याने गिळलं आणि बाबांची बॅग भरायला घेतली.

"चला बाबा, तुमच्या घरी सोडतो."

तो किल्ल्या शोधेपर्यंत बाबा चपला घालून दारात उभे होते.