पेरातली हवा

पंजाबरावांनी सुतळी बॉम्ब धुऱ्यावर, वावराच्या बांधावर ठेवला, वात पेटवली आणि कानात बोटं घालून पाठ फिरवली. धमाका झाला. हरभऱ्यात तोंड खुपसलेल्या रानडुकरांपैकी एकानं मान वर केली. आवाज ओळखीचाच निघाल्यावर पुन्हा खाली घातली.

दर्यापूरकडच्या त्या शिवारात डुकरांना बॉम्बचा अर्थ कळला होता. म्हातारा आता जेवायला घरी जाणार.

मुलगा सागर हे पाहत उभा होता. तो बायकोला, हर्षाला घेऊन अकोल्याहून आला होता तो एवढंच सांगायला.

"बाबा, हा हरभरा निघाला का वावर मक्त्यानं देऊन टाकू, अन् तुमी अकोल्याले चाला."

"डुकरं बी येतीन काय तिथं?"

"तिसऱ्या मजल्यावर नाही येत."

हर्षा शाळेत इतिहास शिकवायची. कुठलंही संकट आलं की तिला आधी त्याचा उगम आठवायचा.

"मामाजी, पयला फटाका बारुदचा नव्हताच. चीनमधी लोकं हिरवा बांबू जाळात टाकत. पेरात हवा कोंडते, तापली का धाडकन फुटते. जनावरं, भुतं, सारे पळत. बारुद लय मागून आली."

"चीनचा माल," पंजाबराव म्हणाले, "ग्यारंटी नाही."

तरी धारणीहून जीपच्या टपावर बांबू आला. पुढच्या शनिवारी पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ केला. पहिलंच पेर असं फुटलं की सागरचा चहा सांडला आणि डुकरं सरळ शेजारच्या पुंजाजीच्या वावरात गेली. पुंजाजीनं चीनला वऱ्हाडीतून शिव्या घातल्या.

अडचण एकच होती. बांबूला वात नसते. तो कधी फुटेल ते त्याचं तो ठरवतो, म्हणून जाळापाशी बसून राहावं लागे. बसून राहिल्यावर सागर विहिरीबद्दल विचारी. मग धुऱ्यावरचा निंब कुणी लावला ते. फोनवर बापलेकांचं बोलणं 'जेवले काय' यापुढं कधी गेलं नव्हतं.

शेवटचं पेर फुटलं की मात्र सागर पॅन्ट झटकून उठे आणि गाडीकडे निघे. तसं दर शनिवारी झालं. हरभऱ्याला घाटे धरले.

मग एका शनिवारी दुपारी, दोघं यायच्या आधी, पंजाबराव पोती शिवायचा दाभण घेऊन बांबूपाशी बसले आणि एकेक पेर टोचत गेले.

संध्याकाळी जाळ चांगला पेटला. बांबू काळा पडला. डुकरं आली नाहीत, आवाजही आला नाही.

"आज फुटून काहून नाही राहिला?" सागरनं विचारलं.

"हिरवा हाय. फुटन. बस."

सागरनं मोबाइल खिशात ठेवला आणि पोत्यावर मांडी घातली. "बाबा, विहीर खंदली तवा पाणी कितीवर लागलं होतं?"

पंजाबराव सांगू लागले.

हर्षानं काठीनं जाळ सारखा केला. बांबूच्या एका पेरातून वाफेची बारीक शीळ निघत होती. ती वाकली, ते भोक पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे विहिरीत होते.

तिनं बांबू फिरवून भोक खाली केलं.

"वेळ लागन," ती म्हणाली, आणि अजून थोडी पऱ्हाटी टाकली.