येतानाचं तिकीट

बलून बघायला जायचं तर माणूस वर बघायची तयारी करतो. टोपी घेतो, काळा चष्मा घेतो, मान दुखेल म्हणून आधीपासून कुरकुरतो. आईची तयारी वेगळी होती. ती बलूनकडे पाठ करून उभी राहणार होती.

पँट बेतायच्या खाकी कागदावर तिने खडूने मैदानाचा नकाशा काढला होता. आत शिरायची दोन दारं, मधोमध बलून फुगवायची जागा, भोवती दोरी आणि दोरीला चिकटून एक फुली. फुली म्हणजे आई. सकाळी सहाला बलून उडायला लागले की सगळी गर्दी माना वर करणार, आणि आई दोरीला पाठ लावून एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवणार.

"एरवी माणसं माना खाली घालून चालतात," ती ताईला म्हणाली. "हजारो माणसं एकदम तोंड वर करून उभी आहेत, अशी दुसरी जागा मला दाखव."

ताईला दाखवता आली नाही. आईचा बेत तसा बिनतोड होता. खोट एवढीच होती की ज्याला शोधायचं तो त्या गर्दीत असणारच नव्हता, आणि हे ताईला पक्कं माहीत होतं.

शोधायचं होतं टिल्लूला, ताईच्या धाकट्या भावाला. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून हे नाव पडलं. पुढे तो सहा फूट वाढला, नाव काही वाढलं नाही. चार वर्षांपूर्वी तो घरातून गेला. बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. त्यांनी वशिला लावून त्याला तिथेच चिकटवलं होतं, आणि टिल्लूने तीन आठवड्यांत ती नोकरी सोडली होती. त्यानंतर महिनाभर तो रोज डबा घेऊन निघायचा, बागेत बसून खायचा आणि वेळेवर घरी यायचा. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं आणि पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस म्हणाले. बाबा असं दर चार-सहा महिन्यांनी कुणाला ना कुणाला म्हणत. टिल्लूने ते ऐकलं, एवढाच फरक.

बलूनचं निघालं ते एका गिऱ्हाइकामुळे. आई पुढच्या खोलीत लोकांचे कपडे लहान-मोठे करून द्यायची. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, गेलेली चेन बदलणं. महिन्या-दीड महिन्यापूर्वी एकाने दोन पँटी वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या. पँटी राहिल्या बाजूला. कागदावर बलून महोत्सवाची जाहिरात होती आणि गेल्या वर्षीच्या गर्दीचा फोटो. मागच्या रांगेत एक उंच मुलगा डोक्यावर पंजा ठेवून वर बघत होता. टिल्लू अस्साच पंजा ठेवतो, आई म्हणाली. जगात लाखभर माणसं तसा ठेवत असतील, पण हे आईला कोण सांगणार?

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. आईने तिला दुकानातून भिंग आणायला लावलं. भिंग फोटोवर धरलं की मुलगा नाहीसा व्हायचा आणि नुसते काळे ठिपके उरायचे. बाजूला केलं की मुलगा परत. आई दिवसातून दहा वेळा भिंग धरायची आणि बाजूला करायची. ताई दर वेळी दुसरीकडे बघायची.

कारण टिल्लू त्या मैदानाच्या बरोबर उलट्या दिशेला, बंदराच्या गावात, बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी एक वाजता, दुकानाचा मालक घरी जेवायला गेला की, दुकानाचा फोन वाजायचा. पहिल्याच फोनला त्याने अट घातली होती: घरी कुणाला बोललीस तर हाही फोन बंद. ताईने चार वर्षं ताकास तूर लागू दिली नव्हती. सांगावं तर भाऊ हातचा जातो, न सांगावं तर आई झिजते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या अरुंद जागेत ताई लोकांच्या काचा घासत उभी.

फोटो आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी तिने त्याच्या विनवण्या केल्या. एक तास ये, लांबून तोंड दाखव आणि जा. तो नाही म्हणाला. बाबांचा राग अजून धरून बसलास का, असं तिने विचारलं.

"बाबांचं काही नाही गं," टिल्लू म्हणाला. "बाबा ओरडतात, ते ओरडणारच. पण आईचं मशीन थांबलं नाही, ताई. मी चपला घातल्या, दार उघडलं, आणि ती शिवतच होती."

मशीन चालूच होतं, ते तिनेही ऐकलं होतं.

मग तिने दुसरे मार्ग करून पाहिले. महोत्सवाच्या दिवशी वारा सुटणार आहे, वाऱ्यात बलून उडवत नाहीत, असं तिने एकदा सांगून बघितलं. आई म्हणाली, महोत्सव तीन दिवस आहे, वारा काही तिन्ही दिवस मुक्कामाला येत नाही. तुझे गुडघे तेवढं उभं राहू देणार नाहीत, असंही ताईने म्हणून बघितलं. दुसऱ्या दिवशी आईने घडीचं स्टूल मिळवलं आणि नकाशावर फुलीशेजारी एक चौकोन काढला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आईच्या हातातली ही काडी ओढून घ्यायला ताई निघाली होती, आणि आपण हे काय करतोय असं वाटून तिला स्वतःची लाज वाटत होती.

बाबा या सगळ्यात नव्हते, म्हणजे तसं दाखवत होते. फोटो त्यांनी बघितला नाही. नकाशा टेबलावर असला की ते ताट घेऊन पलंगावर बसायचे. आणि एका संध्याकाळी कामावरून येताना दुर्बीण घेऊन आले. कुणाकडे तरी नुसती पडून होती, बलून नीट दिसतील, असं भिंतीकडे बघून म्हणाले आणि पाय धुवायला गेले. त्या रात्री सगळे जेवून उठले. दुर्बीण पाण्याच्या तांब्याशेजारी तशीच होती.

आईची यादी वाढत चालली. जाणार आई आणि ताई दोघीच, पण डबे तीन, पांघरुणं तीन, पेले तीन. एक नवा शर्ट तिने शिवायला घेतला. माप जुनंच धरलं, पण चार वर्षांत खांदे भरले असतील म्हणून शिवणीत अर्धा इंच सोडला. ताई ते सगळं बघायची आणि मनातल्या मनात परतीचा प्रवास करायची. गर्दी पांगली आहे, बलून ठिपक्याएवढे झाले आहेत, आणि आई स्टुलावर मांडीवर शर्ट घेऊन बसली आहे. त्यानंतर ही बाई उठणार कशी, हे तिला काही केल्या दिसत नव्हतं. दुकानात तिने एका म्हाताऱ्याची उजवी काच डावीकडे बसवली. मालक दोन वाक्यं बोलला. दहा बोलला असता तरी तिला ऐकू गेली नसती.

महोत्सव शनिवारपासून होता. आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी आईने तिला गाडीची तिकिटं काढायला पाठवलं. ताई रांगेत उभी राहिली, खिडकीशी पोचली आणि दोन माणसं, जायची-यायची, असं म्हणाली. तिकिटं पिशवीत टाकून ती घरी आली. आई टिल्लूच्या शर्टाची बाही जोडत होती. पायाने मशीन चालवता चालवताच तिने हात पुढे केला, तिकिटं घेतली आणि मशीनच्या दिव्याखाली धरून बघितली.

मशीन हळू झालं.

"येतानाची दोनच?"

तिसरं तिथेच काढू म्हटलं, हे उत्तर ताईला सुचलं, पण ते ओठांवर येईपर्यंत उशीर झाला होता. आईने तिचा चेहरा वाचला होता. चार वर्षं जिभेवर ठेवलेला लगाम कामाला आला नाही. खिडकीपुढे उभं राहून येतानाची तीन, एवढं म्हणायला ती विसरली होती.

"तो येणार नाही हे तुला माहीत आहे," आई म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे तो कुठे आहे तेही तुला माहीत आहे."

ताई खाली बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बंदर, बर्फाचा कारखाना, पहिला सोमवार, अट. सांगताना तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं, त्याचंही वाईट वाटलं. आईने मधे एवढंच विचारलं की तो जेवतो का वेळेवर, आणि बर्फात काम करताना हातात काही घालतो का. ताई हो म्हणाली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला खरं म्हणजे माहीत नव्हतं.

"मग मला का नाही करत फोन?"

हे टाळता आलं असतं तर ताईने टाळलं असतं. पण आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? तिने टिल्लूचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो चपला घालत होता आणि आईचं मशीन थांबलं नाही.

आईने मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"त्या दिवशी सुईखाली कापड नव्हतं गं," ती म्हणाली. "खिडक्या उघड्या होत्या. तुझे बाबा ओरडायला लागले की मी मशीन चालवते. शेजाऱ्यांना मशीन ऐकू जावं, घरातलं ऐकू जाऊ नये. लग्न होऊन आले तेव्हापासून चालवते. थांबवलं असतं तर सगळ्या गल्लीने ऐकलं असतं, बाप पोराला काय म्हणाला ते."

ताईला लहानपणची सगळी भांडणं आठवली, आणि प्रत्येक भांडणामागे ती खडखड. आई रागावली की कामाला लागते, असंच त्या दोघांना वाटत आलं होतं. सुईखाली काय आहे, हे वाकून कुणी बघितलं नव्हतं.

त्याला हे सांग, असं आई म्हणाली नाही. सांगितलं तर तू तोंड उघडलंस हे त्याला कळेल आणि तो फोन बंद करेल, हे ताईच्या आधी तिच्याच लक्षात आलं. तिचं मागणं एवढंच होतं की येत्या सोमवारी, फोनच्या वेळी, तिला दुकानात बसू द्यावं. ती एक शब्द बोलणार नाही, फक्त आवाज ऐकेल.

सोमवारी मालक जेवायला गेल्यावर आई आली. अक्षरांच्या पाटीखाली, गिऱ्हाइकांचे डोळे तपासतात त्या स्टुलावर बसली. बरोबर एक वाजता फोन वाजला. ताईने रिसीव्हर तिरका धरला आणि आईने त्याला कान लावला. टिल्लूने नेहमीसारखं बाबांच्या खोकल्याचं विचारलं, दुकानाचं विचारलं. मग म्हणाला, आईचं ते बलूनचं खूळ गेलं का?

ताईने गोलगोल बोलायची चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. त्यातलं एकही तिला आठवलं नाही.

"टिल्लू, त्या दिवशी आईच्या सुईखाली कापड नव्हतं."

"म्हणजे?"

"रिकामं मशीन चालवत होती. बाबा तुला काय बोलतायत ते शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून."

लांब कुठे तरी कारखान्याचं यंत्र चालू होतं, तेवढंच ऐकू येत होतं. आईने डोक्यावर पंजा ठेवला होता आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. आता फोन आपटल्याचा आवाज येणार आणि पुढचा पहिला सोमवार कधीच येणार नाही, असं ताईला वाटलं.

"तुला कुणी सांगितलं हे?" टिल्लूने विचारलं.

खोटं बोलायचं बळ ताईत उरलं नव्हतं, आणि खरं बोलायची तिची हिंमत नव्हती. यंत्र चालूच होतं.

"बलून किती वाजता उडतात?" तो म्हणाला.

सव्वा महिना घरात दुसरा विषय नव्हता, पण ताईला वेळ आठवेना. तिने आईकडे बघितलं. आई शब्दाला पक्की होती. तिने तोंड उघडलं नाही. दोन्ही हात वर करून सहा बोटं दाखवली, आणि ताईचं लक्ष नसेल म्हणून पुन्हा दाखवली.

"सहाला," ताई म्हणाली. "सकाळी."

"बरं," टिल्लू म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

येईन असं तो म्हणाला नव्हता. येणार नाही असंही म्हणाला नव्हता. ताईने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि आईकडे बघायचं धाडस तिला होईना. आईने पदराने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन वळली.

"येतानाचं अजून एक काढून ठेव," ती म्हणाली.

मालक जेवून आल्यावर ताई पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.