भिंतीवरची शंभर झाडं

लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, पाट्या मिळाल्या, जीपगाड्या मिळाल्या; पाऊस तेवढा राहून गेला. तशात हुकूम सुटला: नव्या जिल्ह्यात गावोगाव शंभर झाडं लावा, जगवा, आणि ती जगवायला टँकर घ्या.

अहमदपूरजवळच्या आमच्या गावातली शंभर रोपं पंधरवड्यात करपली. टँकर मात्र सगळ्यांनाच हवा होता, आणि सगळ्यात जास्त पंचशीलाबाईंना. या बाई दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायच्या आणि जीव लावून फक्त झाडं रंगवायच्या. कचेरीच्या मोडीत निघालेल्या खिडक्यांच्या काचा जोडून, ऊन अडवायला त्यांना चुना फासून त्यांनी परसात काचघर उभारलं होतं. आत नेचे, रानहळद, कुठून कुठून आणलेल्या वेली. त्यांना पाणी उरावं म्हणून बाई तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायच्या.

ग्रामसेवक निवृत्ती त्यांच्याकडे आला. "बाई, शाळेच्या भिंतीवर शंभर झाडं काढा. झाडं तपासायला येणारे साहेब काही जीपमधून उतरत न्हाईत. टँकर आला की चार घागरी तुमच्या काचघराला."

बाईंनी काढली. साहेबांनी काळ्या चष्म्यातून मोजली आणि मान डोलावली. टँकर सुरू झाला. गावाची तहान भागली, नेचे तरारले.

साहेब दर महिन्याला यायचे, त्यामुळे झाडांना वाढणं भाग होतं. बाई शिडीवर चढून त्यांना वीतभर उंच करायच्या. निवृत्ती खालून विनवायचा, "जरा सुकलेली दाखवा, बाई. लई हिरवी करायलात तुम्ही."

"वाळकं झाड माझ्यानं काढवत न्हाई, भाऊसाहेब."

चौथ्या महिन्यात त्यांनी आंब्यांना मोहोर आणला. असला मोहोर मी खऱ्या झाडावरही पाहिलेला नाही.

साहेब खूश झाले. "झाडं लागली! म्हणजे इथं पाणी भरपूर आहे. टँकर बंद करा."

गाव बाईंवर तुटून पडलं. मलाही राग आला. चार फांद्या कमी हिरव्या केल्या असत्या तर काय बिघडलं असतं? तिकडे काचघरात नेचे माना टाकत होते. बाईंनी तपकिरी रंग कालवला आणि तीन दिवस खपून भिंतीवरचं एकेक पान वाळवलं. मोहोराला शेवटी हात घातला, तेव्हा मात्र त्या रडल्या. माझा राग तिथंच गेला.

साहेबांची जीप आली. निवृत्ती हात जोडून पुढे झाला. "बघा साहेब, पाण्यावाचून पार वाळून गेली. टँकर तेवढा चालू करा."

साहेबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत शंभरही झाडं मोजली.

"सगळीच मेली की," ते म्हणाले. "आता टँकर कुणासाठी?"