बायकांच्या दारावरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. आता मला कुठेच लावत नाहीत, आणि त्याचा मला अभिमान आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात मी घडले. वीस वर्षे एका गोदामाचे शटर सांभाळले. मालक माझ्या मजबुतीचे कौतुक करी. गोदाम बंद पडल्यावर मी कोलशेतच्या एका वसाहतीच्या बागेत आले. घाण होते म्हणून तिथल्या बायकांच्या शौचालयाला मला लावले. किल्ली माळी साईनाथच्या खिशात असे.

निवृत्त शिक्षिका शांताबाई रोज सकाळी बागेत फिरायला येत. लघवीची घाई झाली की त्यांना थांबता येत नसे. एकदा त्या लगबगीने माझ्यापाशी आल्या. साईनाथ चहाला गेला होता. त्यांनी मला दोन्ही हातांनी ओढले. मी उघडले नाही. त्यांची साडी भिजली. त्या दिवशी मला माझ्या मजबुतीची लाज वाटली.

दोन महिने त्या फिरकल्या नाहीत. परतल्यावर शेजारच्या बाकावर त्यांनी मैत्रिणीला, रोवेनाबाईंना, सगळे सांगितले. शांताबाईंनी पाणी पिणेच सोडले होते, त्याने त्रास वाढला. शेवटी सून मृणालने डॉक्टरांकडे नेले. हा आजार आहे, त्यावर उपाय आहे, असे डॉक्टर म्हणाले. पाणी प्यायचे, चहा कमी करायचा, लघवीच्या वेळा वहीत लिहायच्या, ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम करायचा, दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवायचे. शांताबाई पाऊण तासावरून सव्वा तासावर आल्या होत्या. पण अजून दार जवळ आणि उघडे हवे होते.

रविवारी बागेतच वसाहतीची सभा भरली. शांताबाई उठल्या.

"मला लघवी धरवत नाही," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "ते कुलूप काढा."

सेक्रेटरी मितेश खाली बघत पुटपुटला, "काकू, हे नंतर बोलू. उघडं ठेवलं की घाण होते."

"घाण झाली तर धुता येते. त्या दाराशी माझं जे झालं, ते मी दोन महिने धुतेय. नंतर नाही, आत्ता."

मग रोवेनाबाई उठल्या. "मलापण होतं," एवढेच म्हणाल्या. त्यांच्यामागे आणखी पाच जणी उभ्या राहिल्या. कोणीच बसेना. अखेर मितेशने साईनाथला खूण केली.

आता मी अवजारांच्या खोलीत खिळ्याला लटकते. गंज चढतो आहे, चढू दे.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. तुमच्या घरातली कोणी बाहेर निघताना पाणी टाळत असेल, तर तिला कारण विचारा, डॉक्टरांकडे न्या. आणि बायकांच्या दाराला माझे भाऊबंद दिसले, तर किल्ली मागू नका. कुलूपच काढायला लावा.