निळी डबी, लाल डबी

माझे दोन्ही भाऊ शिकलेले आहेत, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणालाही शंका यायची. मोठा, म्हणजे दादा, विमा कंपनीत अधिकारी. धाकटा छोटू, वय चाळीस, शाळेत भूमिती शिकवतो. मी मधली. दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या घडवते, त्यामुळे दातओठ खाणं माझ्या कामातच बसतं.

त्या सुमारास सिनेमाच्या नव्या डिस्क निघाल्या. चित्र इतकं स्वच्छ, की म्हणे नटाच्या नाकावरची छिद्रं मोजून घ्यावीत. ती कुणाला मोजायची होती, हा प्रश्न माझ्यासारख्या अडाणी बाईचा. कंपन्यांचे दोन तट पडले. एकांची डिस्क निळ्या डबीत, दुसऱ्यांची लाल डबीत, आणि एकाची डिस्क दुसऱ्याच्या मशीनमध्ये चालणार नाही. सिनेमेसुद्धा वाटून घेतलेले. एखादा निळ्यात आला की लालवाल्यांनी हात चोळत बसायचं. दादाने निळं मशीन घेतलं, म्हणून छोटूने लाल घेतलं. यापेक्षा खोल कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

या भानगडीत बाबांचं एक काम अडकलं. बाबा तरुणपणी सिनेमाच्या स्टुडिओत दिवे धरायचे. आई तिथेच एका गाण्यात नाचली होती, मुलींच्या मोठ्या घोळक्यात. ते गाणं पुढे सिनेमातून कापलं. आई गेली तेव्हा मी जेमतेम पाच वर्षांची होते. घरात तिचा फोटो एकच, ओळखपत्रावरचा, आजारपणातला, गालफडं बसलेला. आणि आता इतक्या वर्षांनी तो सिनेमा धुऊनपुसून, कापलेलं गाणं परत घालून बाजारात आला होता. लाल डबीत.

"तुम्हा तिघांना एकत्र बसवून दाखवतो," बाबा म्हणाले. "रंगरंगोटीत सगळ्या सारख्याच दिसतात, त्यात फेर धरला की जागा बदलतात. पण मी बरोबर ओळखतो तिला."

घाई एवढ्यासाठी, की बाबांच्या नजरेचा मधला भाग जात चालला होता. कडेचं दिसत राहील, घरात हिंडता-फिरता येईल, पण समोरचा चेहरा हळूहळू पुसत जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते ऐकून दादा म्हणाला, "मग आपण मोठा टीव्ही घेऊ." शिक्षणाचा उपयोग होतो तो असा.

बाबा राहायचे दादाकडे. मी म्हटलं, छोटूकडे जाऊन बघू या. दादा म्हणाला, "मी जाऊन त्या लाल डबड्यासमोर बसू?" छोटूला विचारलं, तर त्याला आधी दादाचा कबुलीजबाब हवा होता, की मशीन चुकीचं घेतलं. मी बाबांना म्हटलं, मरू देत दोघं, आपण दोघंच बघू. बाबांनी मान हलवली. "तिघं म्हणजे तिघं. तिघांचीही आई आहे ती."

शेवटी नाकदुऱ्या काढून, शपथा घालून मी छोटूला मशीनसकट दादाच्या घरी आणलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून टीव्हीसमोर बसले होते. सिनेमाची लाल डबी त्यांच्या मांडीवर होती.

"आधी एकदा सोक्षमोक्ष लावू," छोटू म्हणाला. त्याने आपलं मशीन टीव्हीला जोडलं आणि एक धबधबा लावला. मग दादाने आपला धबधबा लावला. मग बेडूक. मग पुन्हा धबधबा. दोन घोडे टीव्हीला नाक लावून थेंब मोजत होते, आणि मध्येच एकमेकांकडे बघून कीव आल्यासारखं हसत होते.

"बाबा, तुम्हीच सांगा," दादा म्हणाला. "कुठलं चांगलं?"

बाबांनी लाल डबी दोन्ही हातांनी धरली. "दोन्ही छान आहेत," ते म्हणाले. "आता गाणं लावा की रे."

"दोन्ही? फरक दिसत नाही?" छोटूला ते सहनच होईना. बॅटरी घेऊन तो टीव्हीच्या मागे शिरला, आणि आतून असा काही हसला की मला वाटलं शॉक बसला. दादाचं निळं मशीन टीव्हीला जुन्या पिवळ्या वायरने जोडलेलं होतं. त्या वायरीतून नवं चित्र जातच नाही, जुनंच जातं. म्हणजे आमचे अधिकारीसाहेब मशीन आणल्या दिवसापासून जुनंच चित्र बघत होते आणि येईल त्याला बसवून त्यातली छिद्रं दाखवत होते.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "निघ," तो म्हणाला, "आधी माझ्या घरातून निघ." छोटूने मशीन उचललं, वायर गुंडाळली आणि बाबांच्या मांडीवरची डबीही उचलली. मी दारात आडवी झाले, तर मला बाजूला सारून गेला. बाबा इस्त्रीच्या शर्टात तसेच बसून राहिले. टीव्हीवर दादाचा बेडूक होता.

पुढे एका सकाळी बातमी आली, लालवाल्यांनी हात टेकले. दादाने मला कामावर फोन केला. "जिंकलो!" जणू कंपनी याच्या बापाची. याचा बाप आतल्या खोलीत उगाचच चष्मा पुसत बसला होता.

मी छोटूकडे धावले. त्याने मशीन आणि सगळ्या डिस्क भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. सिनेमासुद्धा.

"अरे गाढवा, मशीन बंद थोडंच पडलं होतं?"

"डोळ्यांसमोर नको होतं ते, ताई."

लाल डब्या आता दुकानांतूनही उठल्या होत्या, मग तो सिनेमा निळ्या डबीत येण्याची वाट बघणं आलं. ती निघायला इतका वेळ गेला, की तोवर बाबा कपाच्या कडेला बोट लावून चहा ओतायला लागले होते. मी घरात शिरले की आधी आवाज द्यायचे, म्हणजे त्यांना कळायचं.

शेवटी बसलो एकदाचे, तिघं म्हणजे तिघं. नवी वायर, मोठा टीव्ही. गाणं सुरू झालं. चित्राला नावं ठेवायला जागाच नव्हती. पोलक्यांचे टाके दिसत होते, पावडरीखालचा घाम दिसत होता. मुलींनी फेर धरला. बाबा मान तिरकी करून, नजरेच्या कडेने बघत होते, आणि त्यांच्यासमोरून नुसते रंग फिरत होते.

"कोणती, बाबा?"

त्यांनी बोट उचललं. ते थोडा वेळ हवेतच राहिलं, मग खाली आलं.

दादाने चित्र थांबवलं. "ही. नाक बघ, माझंच आहे."

"काहीतरीच! ती, मागची," छोटू म्हणाला. "हनुवटी बघ."

मला खरंच कळत नव्हतं. मला त्या सगळ्याच आई वाटत होत्या, आणि त्या दोघांच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

पुढच्या रविवारी दोघांनीही आपापल्या आईचं चित्र मोठं करून, फ्रेम करून आणलं. दोन वेगळ्या मुली, दोघीही अगदी स्वच्छ. दोघांनी दोन्ही फ्रेम बाबांच्या तोंडासमोर धरल्या.

"बाबा, आता तुम्हीच सांगा."

बाबांनी एका काचेवरून तळवा फिरवला, मग दुसरीवरून.

"दोन्ही छान आहेत," ते म्हणाले.