अंगावरची जर्सी

गोल झाला तो गोलकीपर तोबियाच्याच पायातून, यात वाद नव्हता. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कप्तान कोझिमोने त्याच्याकडे मागे पास दिला, तोही अर्धामुर्धा, दोन विरोधी खेळाडू अंगावर धावून येत असताना. असा चेंडू डोळे मिटून स्टँडमध्ये भिरकावून द्यावा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मिस्टरांनी, म्हणजे मुख्य प्रशिक्षकांनी, महिनाभर एकच पाठ घोकून घेतला होता: चेंडू भिरकावायचा नाही, जवळच्याला द्यायचा. तोबिया जवळच्याला द्यायला गेला. चेंडू हिसकावला गेला, गोल झाला, सामना गेला. आणि कोझिमोने सगळ्या मैदानाला दिसतील असे दोन्ही हात पसरले, की बघा बुवा, मी तरी काय करणार! याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

तोबिया गिस्लांदी वीस वर्षांचा, इटलीच्या उत्तरेकडचा, बेर्गामोच्या वरच्या खोऱ्यातला. त्याचा मूळ क्लब मोठा होता, आणि त्या क्लबाने त्याला तीन वर्षांत तिसऱ्यांदा उसना दिला होता, शेजारणीला विरजण द्यावं तसा. पहिल्या गावात वर्षभर बाक उबवला. दुसऱ्या गावात खांदा निखळला. तिसरं गाव हे रोक्कामारा, तिसऱ्या विभागातलं, पार दक्षिणेच्या टोकाचं. जूनमध्ये त्याचा करार संपत होता. उरलेले पाच सामने गोलात उभा राहिला तर मूळ क्लब नवा करार देणार होता. नाही तर परत खोऱ्यात, मामाच्या फरश्यांच्या दुकानात. ही गोष्ट त्याला माहीत होती आणि क्लबातल्या सगळ्यांनाच माहीत होती.

सामना हरला की खेळाडूंनी कुर्वाखाली जायचं, असा तिथला शिरस्ता. कुर्वा म्हणजे गोलामागचा स्टँड, ढोल-झेंडेवाल्या कट्टर मंडळींचा. तिथे जाऊन मान खाली घालायची आणि शिव्या खायच्या. त्या दिवशी शिव्यांवर भागलं नाही. कुंपणावर चढलेला ओरोन्झो भोंग्यातून ओरडला, "जर्सी काढा! लायकी नाही तुमची! काढा आणि ठेवा इथे खाली!"

ओरोन्झो हा कुर्वाचा म्होरक्या. त्याच्या शब्दाबाहेर तिथे ढोलसुद्धा वाजत नसे. पहिली जर्सी कोझिमोने काढली, नीट घडी घालून गवतावर ठेवली. मग एकेकाने काढली. दहा उघडे गडी थंडीत कुडकुडत उभे राहिले. अकरावा तसाच.

"ए पोलेंताखाऊ! तुला काय वेगळं आमंत्रण धाडायचं?" पोलेंता म्हणजे उत्तरेकडचं मक्याचं पिठलं; तिकडच्या माणसाला दक्षिणेत त्यावरूनच हिणवतात.

तोबिया म्हणाला, "शिव्या द्या. गोल माझ्यामुळे झाला, शिव्या माझ्या हक्काच्या. जर्सी देणार नाही."

"काय म्हणालास?"

"ऐकलंस ते. नाही देणार."

वरून लायटर आले, पाण्याच्या बाटल्या आल्या, एक बूटही आला. गोलकीपरांचा प्रशिक्षक सांते धावत आला आणि कानाशी लागला, "काढ रे बाबा, कापड आहे नुसतं. मीही माझ्या काळात तीनदा काढून दिली आहे."

"तीनदा दिल्यावर चौथ्यांदा मागायचे थांबले का?"

 चाळीस वर्षं या धंद्यात काढलेल्या सांतेने त्याला दंडाला धरून आत नेलं.

मंगळवारी क्लबाचे डायरेक्टर फुमारोला यांनी बोलावून घेतलं. समोर कॉफी ठेवली, म्हणजे बातमी वाईट. "हे बघ पोरा, या गावात अध्यक्ष बदलतात, मिस्टर बदलतात, मी पण बदलेन. कुर्वा तिथेच राहते. उद्या दुपारपर्यंत ओरोन्झोच्या मासळीच्या गाळ्यावर जा, जर्सी दे, दोन शब्द गोड बोल. नाही तर रविवारी गोलात दुसरा कोणी. पुढचे रविवारही त्याचेच."

"आणि कोझिमोच्या पासचं काय?"

"कोझिमोने जर्सी दिली," फुमारोला म्हणाले.

तोबिया कॉफी न पिता उठला. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती. रात्रभर त्याने जर्सी उशाशी ठेवली. द्यायची तर द्यावी, काय झिजतं त्यात? पण पुन्हा पुन्हा त्याला एकच दिसे: ओणवं होऊन आपणच आपल्याला जमिनीवर ठेवतोय. चुकलो हे कबूल. लायकी नाही हे कबूल करून टाकलं, तर रविवारी गोलात उभा कोण राहणार?

बुधवारी सकाळी तो मासळीबाजारात गेला, रिकाम्या हातांनी. ओरोन्झो गाळ्यावर शिंपले उघडत होता. शेजारची म्हातारी फेलिचेत्ता ऑक्टोपस आपटत होती, ती थांबली.

"आणलीस?" ओरोन्झोने विचारलं.

"नाही."

"मग काय कालवं घ्यायला आलास?"

"विचारायला आलोय. कधी तुझ्याकडून शिळा मासा गेला नाही गिऱ्हाइकाला?"

"माझ्याकडून?" ओरोन्झोने सुरी रोखली. "तोंड सांभाळ!"

"अरे, सोमवारी मला दिलेला बांगडा!" फेलिचेत्ता मध्येच कडाडली. "मांजराने तोंड लावलं नाही त्याला!"

आजूबाजूचे गाळे खदखदले. तोबिया म्हणाला, "मग गिऱ्हाइकाने चार शिव्या दिल्या असतील. तुला ही सुरी खाली ठेवायला लावली का? की जा, तुझी लायकी नाही मासे विकायची?"

ओरोन्झोच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "रविवारी बघतो तुला. कुर्वा हुर्यो उडवत अशा शिट्ट्या मारेल की आईची हाक ऐकू येणार नाही."

"मारा की. पण डायरेक्टर मला बसवून ठेवताहेत. मी गोलातच नसलो तर शिट्ट्या कोणाला मारणार, खांबाला?"

 ओरोन्झोने सुरी टेबलावर आपटली आणि ओल्या हातानेच फोन उचलला. "फुमारोला? रविवारी तो पोलेंताखाऊ गोलात पाहिजे. हो, तोच. नाही, नाही दिली. म्हणूनच तर पाहिजे!"

रविवारी तीन हजार माणसांनी शिट्ट्या मारल्या. चेंडू त्याच्याकडे आला की शिट्ट्या, गेला की टाळ्या. उत्तरार्धात त्याने राखायचा गोल कुर्वाच्याच बाजूचा, त्यामुळे शिव्याही नावानिशी ऐकू येऊ लागल्या. आईला, बहिणीला, खोऱ्यातल्या गाईंनाही त्यांनी सोडलं नाही. साठाव्या मिनिटाला कोझिमोने पुन्हा तसाच मागे पास दिला, तसाच अर्धामुर्धा. "भिरकाव!" अख्खं मैदान ओरडलं. तोबियाने भिरकावला नाही. अंगावर आलेल्याला हुलकावणी देऊन त्याने चेंडू जवळच्याला दिला, आणि वर कोझिमोला सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं, "हा पास आहे का लेका? नीट दे!"

त्याच चेंडूवरून पुढे रोक्कामाराचा गोल झाला. शेवटच्या वीस मिनिटांत तोबियाने एक चेंडू बोटांनी खांबावर ढकलला, एक छातीवर घेतला आणि एक तर त्याला स्वतःलाही कळलं नाही कसा अडला. एक-शून्य. शिट्ट्या केव्हा थांबल्या ते त्याच्या लक्षात आलं नाही.

जिंकल्यावरही कुर्वाखाली जायचं असतं. आता तेच दहा गडी हसत जर्स्या काढून वर फेकत होते आणि वर माणसं त्या झेलायला एकमेकांवर पडत होती. कोझिमोची जर्सी तर तिघांनी फाडली. ओरोन्झो कुंपणावर चढला, भोंगा बाजूला टाकला आणि दोन्ही हात पुढे केले. त्याचे डोळे भरून आले होते.

"तोबिया! भावा! तुझी दे! तुझी मला पाहिजे, देवाशपथ घरात फ्रेम करून लावतो!"

सगळी कुर्वा त्याचं नाव घेऊ लागली. सांते मागून म्हणाला, "दे रे आता. आता तर प्रेमाने मागताहेत."

तोबियाने गच्च भिजलेली जर्सी नीट खाली ओढली.

"त्या दिवशी मागितलीस तेव्हा माझीच होती," तो ओरोन्झोला म्हणाला. "आजही माझीच आहे."

ओरोन्झोचे हात तसेच हवेत राहिले. तोबियाने कुर्वाला वाकून नमस्कार केला, दोन्ही हातमोजे काढून कुंपणापलीकडे भिरकावले आणि जर्सी घालूनच तो आत निघून गेला.