सिंधूताईंना गाडी लागते

मित्रांनो, डाव्या कुशीवर खांबाला घासल्याचा ओरखडा आणि टपावर चिमण्यांनी केलेली रांगोळी घेऊन तुमच्यापुढे उभी आहे ती मी, एक जुनी लाल गाडी. माझं वय विचारू नका. रंग अजून बरा आहे, पावसात धुऊन निघाले की लोक वळून बघतात. थोडी मिजास माझ्यात पहिल्यापासूनच आहे.

मी ठेंगणी आहे. कारखान्यात मला मुद्दामच तसं घडवलं. गाडी जमिनीजवळ असली की वळणावर झुकत नाही, रस्ता घट्ट धरते आणि चालवणाऱ्याला मोठी मजा येते. शिवाय माझ्या छपराला काच आहे, बटण दाबलं की ती सरकते. ज्यानं ज्यानं मला पाहिलं त्यानं माझ्या ठेंगणेपणाचं कौतुकच केलं. आता मात्र त्याच ठेंगणेपणापायी मला फार अपराधी वाटतं. त्याचीच गोष्ट सांगते.

माझा पहिला मालक परदेशी गेला आणि मी कामठी रोडवर जुन्या गाड्यांच्या एका दुकानात आले. पत्र्याच्या शेडखाली आम्ही रांगेनं उभ्या असायचो. माझ्या शेजारी एक उंच, चौकोनी, राखाडी गाडी होती. तिला सगळे डब्बा म्हणत. मीही म्हणत असे.

एके दिवशी सुमंत तिथे आला. मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये तो नोकरी करतो. बरोबर त्याची बायको चारुशीला, मुलगी नूपुर आणि आई सिंधूताई होत्या. सिंधूताई गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्यांना घरी फॉल लावून देतात. पायानं मशीन चालवून चालवून त्यांचे गुडघे कामातून गेले आहेत.

गाडी घ्यायची ती मुख्यतः त्यांच्यासाठीच. त्यांची थोरली बहीण कांताबाई खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत मुलाजवळ राहते. कांताबाईंना काचबिंदू झालेला. नजर हळूहळू जाणार आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. बसची पायरी सिंधूताईंना चढवत नव्हती. म्हणून सुमंतनं आईला कबूल केलं होतं, की दर रविवारी तुला मावशीकडे नेईन, तिची नजर आहे तोवर तुम्ही दोघी एकमेकींना पोटभर बघून घ्या.

पण सुमंत वर्षभर फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघत होता. महिन्याचा हप्ता जेमतेम झेपेल एवढाच ठरलेला, आणि त्यात त्याला कामाची गाडीही हवी होती आणि मजेचीही. त्यानं मला पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. मीही त्या दिवशी ऊन अंगावर घेऊन जरा जास्तच चकाकत होते.

"चारू, हप्ता दोघींचा सारखाच पडून राहिला. मग डब्बा कायले घ्यायचा?" तो म्हणाला.

"पण आईंना जमेल का हिच्यात?"

"अवं, आईले सगळंच चालते."

"बाबा, हेच घेऊ ना! हिचं छत उघडते!" नूपुर मागच्या सीटवर उड्या मारत ओरडली.

तिघंही माझ्या पोटात बसून बटणं दाबत होते. तेव्हा बाहेर काय चाललं होतं ते माझ्या आरशात मला एकटीला दिसलं. सिंधूताईंनी शेजारच्या डब्ब्याचं दार उघडलं, पाठमोऱ्या होऊन खुर्चीवर बसावं तशा त्या बसल्या आणि कुणाचाही हात न धरता उठल्या. दोनदा बसून पाहिलं. सीटवरून हात फिरवला. मग दार हळूच लावून त्या माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आई, कशी आहे?" सुमंतनं आतूनच विचारलं.

सिंधूताईंनी माझ्याकडे नाही, मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "झकास आहे ना बापा. घे," त्या म्हणाल्या.

अशी मी त्यांच्या घरी आले. आईला विचारून गाडी घेतली, असं सुमंत सगळ्यांना अभिमानानं सांगे. विचारलं होतं हे खरंच. फक्त बसवून पाहिलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी आम्ही खापरखेड्याला निघालो. सिंधूताईंना पुढच्या सीटवर बसवताना थोडी ओढाताण झाली, पण निघण्याच्या आनंदात ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. वाटेत त्या फार खुश होत्या. खारे दाणे खात होत्या, गुणगुणत होत्या, नूपुरला वीज केंद्राच्या लांबून दिसणाऱ्या धुराच्या चिमण्या दाखवत होत्या. मलाही वाटलं, आपण किती चांगल्या घरी पडलो.

कॉलनीत पोचल्यावर मात्र सिंधूताईंना उतरता येईना. माझी सीट खोल आणि त्यांचे गुडघे वाकलेले, ते सरळच होईनात. सुमंतनं हात धरून ओढलं, चारुशीलानं आतून पाठीला रेटलं. शेजारचे एक गृहस्थ धावत आले आणि त्यांनी काखेत हात घातला. ओढाओढीत साडीच्या निऱ्या सुटल्या. तिथे क्रिकेट खेळणारी पोरं बॅटा टाकून बघायला जमली आणि त्यातलं एक हसून ओरडलं, "आजी अडकली, आजी अडकली!"

सिंधूताईसुद्धा हसल्या. पण निऱ्या खोचताना त्यांनी पोरांकडे पाठ केली आणि तोंड माझ्या दाराकडे वळवलं. कांताबाई तेव्हा आत चहा ठेवत होत्या, त्यांना यातलं काहीच समजलं नाही.  परतीच्या वाटेवर दाण्यांची पुडी सिंधूताईंच्या मांडीवर तशीच होती.

पुढच्या रविवारी सुमंतनं हॉर्न वाजवून त्यांना बोलावलं. त्या दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या गा. मले गाडी लागते."

मित्रांनो, हे साफ खोटं होतं. ज्याला गाडी लागते तो खारे दाणे खात गाणी म्हणत नाही. पण सुमंत भाबडा. त्यानं गोळ्या आणल्या, आवळासुपारी आणली, हुंगायला लिंबू आणलं. सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसलं की गाडी लागत नाही, असं कुणी सांगितलं तर त्यानं जाड रविवारची पुरवणी अंथरली. आईला बरं वाटावं म्हणून त्यानं काय काय केलं! फक्त तिच्या गुडघ्यांकडे बघायचं तेवढं राहिलं.

"मग आई, ऑटो करून देऊ का?" एकदा त्यानं विचारलं.

"ऑटो बी गाडीच आहे ना," सिंधूताई म्हणाल्या.

त्यांना तसं म्हणावंच लागलं. ऑटोनं गेल्या असत्या तर खोटं उघडं पडलं असतं आणि मुलाचं मन मोडलं असतं. अशा रीतीनं त्या एका वाक्यानं खापरखेड्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या. तिकडे कांताबाईंना एकटीनं घराबाहेर पडवत नव्हतं. दोघी फोनवर बोलायच्या. पण बोलणं वेगळं आणि बघणं वेगळं.

आमचे रविवार मात्र मजेत जात होते. फुटाळा तलाव, अंबाझरी तलाव, एकदा तर रामटेक. छपराची काच उघडी, नूपुरची गाणी आणि मी वळणं घेत सुसाट. निघताना सिंधूताई फाटकाशी उभ्या राहून हात हलवायच्या आणि मागच्या आरशात लहान लहान होत जायच्या. मग माझा जीव कशातच रमत नसे. ज्यांच्यासाठी मला आणलं त्यांनाच घरी ठेवून मी हिंडत होते. आणि खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं! मी काय करणार? निषेध म्हणून मी पुढचं दार कुरकुर वाजवू लागले. सुमंतनं बिजागरीत तेल घातलं.

असं दीड वर्ष गेलं.

एका संध्याकाळी सुमंत कामावरून परतत होता. वर्धा रोडवर आम्ही गर्दीत अडकलो होतो. फोन वाजला आणि कांताबाईंचा आवाज माझ्या स्पीकरमधून येऊ लागला.

"जयभीम, बाबू. मले एक खरं सांग. तुही माय माह्यावर रागावली का?"

"नाही मावशी. तिले गाडी लागते ना, म्हणून."

"कोणाले? सिंधीले?" कांताबाई खळखळून हसल्या. "अरे, आम्ही लहान होतो तवा दसऱ्याले गावाहून ट्रकमधी बसून दीक्षाभूमीवर येत होतो. अर्धा ट्रक ओकून राहिला असे, अन् हे पोट्टी ड्रायव्हरच्या टपावर बसून साऱ्याइच्या वाटचा चिवडा खात होती. तिले गाडी लागते म्हणते का तू?"

मग त्यांचं हसू थांबलं. "बाबू, आता दारात कोण उभं आहे ते मले ओळखू येत नाही. तिले म्हण, राग असंल तर इथं येऊन भांड म्हणा. पण ये म्हणा."

फोन बंद झाला. सुमंतनं मला रस्त्याच्या कडेला घेतलं. तो खाली उतरला, आणि उतरताना त्यानं नेहमीप्रमाणे माझ्या छपराची कड धरून "हुश्श" केलं. तसाच थांबला. पुन्हा आत बसला, पुन्हा उतरला. या वेळी हात न लावता. मग त्यानं पलीकडच्या बाजूला जाऊन आईच्या सीटवर बसून पाहिलं. येणारे जाणारे बघत होते, पण त्याला भान नव्हतं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

घरी सिंधूताई खिडकीजवळ मशीनवर बसल्या होत्या. मी खिडकीखालीच उभी असते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आई, तुले गाडी लागत नाही. तुले उतरता येत नाही. हो ना?"

मशीन थांबलं. 

"तू किती खुशीत होता गा," सिंधूताई म्हणाल्या. "सालभर फोनात गाड्या पाहत होता. तुह्या बापानं कवा सायकलच्या वर काही पाहिलं नाही. मी कशी म्हणू, का हे नको?"

"मग मावशीकडं काहून नाही गेली? ऑटोनं तरी जायचं होतं."

"गेली असती तर तुले समजलं असतं ना."

सुमंत मशीनपाशी जमिनीवर बसला आणि आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडला. मीही तेव्हा फार रडले असते, पण आम्हा गाड्यांना तशी सोय नाही.

मला विकून डब्बा घ्यावा, असं चारुशीला म्हणाली. पण हप्ते अजून बरेच उरले होते आणि विकून आलेल्या पैशांत काही भागत नव्हतं. मग तिनंच एक युक्ती काढली. सीटवर कडक गादी टाकली आणि तिच्यावर साडीचं गुळगुळीत प्लॅस्टिकचं कव्हर. घरात त्या कव्हरांना काय तोटा! सिंधूताईंनी आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत वळवायचे, कव्हरवर अंग आपोआप फिरतं. उतरताना उलटं. गल्लीत सगळ्यांच्या देखत त्यांनी सराव केला आणि एकदा जास्तच घसरल्या तेव्हा सासूसुना पोट धरून हसल्या. तरी दोन माणसांचे हात लागतातच. मी काही उंच झाले नाही.

त्या रविवारी आम्ही खापरखेड्याला गेलो. कांताबाई फाटकाशी उभ्या होत्या. दार उघडल्याचा आवाज ऐकून त्या लगबगीनं पुढे आल्या आणि त्यांनी चारुशीलाचा खांदा धरला. "सिंधे, आली का वं?"

"मी इकडं आहे, बाई," सिंधूताई माझ्या सीटवरून म्हणाल्या.

सुमंतनं त्यांना दोन्ही हातांनी धरून उभं केलं. कांताबाईंनी त्यांचा चेहरा हातात घेतला. कपाळ चाचपलं, गाल चाचपले, डोळ्यांखाली बोटं फिरवली आणि बोटं तिथेच थांबली.

"इतक्या सुरकुत्या कवा आल्या वं तुले?"

"मी येत नव्हती ना, तवाच आल्या," सिंधूताई म्हणाल्या.

सुमंत माझं दार धरून उभा होता. ते लावायचंही त्याला सुचलं नाही.

आता आम्ही दर रविवारी जातो. त्या दोघी ओट्यावर बसून बोलतात, भांडतात, हसतात. एकीला दुसरी दिसत नाही. मी कडुनिंबाखाली उभी राहून त्यांच्याकडे बघते आणि मला माझ्या चकाकीची लाज वाटते.

मित्रांनो, उद्या तुमच्याही घरी गाडी येईल. हप्ता झेपेल एवढाच ठेवा. मजेची गाडी घ्या, लाल घ्या, छप्पर उघडणारी घ्या, त्यात काहीच वाईट नाही. पण घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांत दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला तिच्यात बसवा. गाडी कशी आहे, असं त्यांना विचारू नका, ते तुमचं मन मोडणार नाहीत. ते उतरू लागले की मात्र पुढे जाऊन नीट बघा.